अर्धी बाग, पोटगी आणि वांद्र्याच्या तारखा

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात: "माझे लग्न 2007 साली झाले. नवरा मुंबईत खासगी कंपनीत आहे. भांडुपचा फ्लॅट 2014 साली दोघांच्या नावावर घेतला, कर्ज अजून चालू आहे. 2020 च्या टाळेबंदीत मी मुलांना घेऊन वेंगुर्ले तालुक्यातील सासरच्या घरी आले आणि तिथेच राहिले. आंब्याची बाग आणि पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या मीच सांभाळत होते. त्या खोल्यांसाठी माझ्या पाटल्या मोडल्या. सव्वा वर्षापूर्वी आईच्या आजारपणात माहेरी आले, परत गेले तर दिरांनी घराला दुसरे कुलूप घातले होते. आता नवऱ्याच्या वकिलाची नोटीस आली आहे: पाच लाख घ्या आणि संमतीने घटस्फोट द्या, नाही तर वांद्र्याच्या कोर्टात दावा लावू. दीर स्टँपपेपर घेऊन सहीसाठी येऊन गेले. पेडण्याला दिलेली माझी बहीण म्हणते, नवऱ्याचे अर्धे बायकोचेच असते. मी काजूच्या कारखान्यात जाते, महिना 8,000 मिळतात. मुलगी 15 वर्षांची, मुलगा 10 वर्षांचा, दोघेही माझ्याजवळ आहेत. काय करू?"

सप्रेम नमस्कार ताई,

सर्वांत आधी त्या स्टँपपेपरविषयी. त्यावर सही करू नका. दीर पुन्हा आले, सोबत गावातली चार मोठी माणसे आली, तरीही करू नका. हिंदू विवाह कायदा 1955 प्रमाणे झालेले लग्न न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच मोडते. नोटरीसमोर लिहिलेल्या सोडचिठ्ठीने ते मोडत नाही, मग तिच्यावर कितीही शिक्के असोत. एखाद्या जातीत फारकतीची जुनी रूढी असेल तर त्याच कायद्याच्या कलम 29 ने तिला मान्यता दिली आहे. परंतु ती रूढी पुराव्याने शाबीत करावी लागते, नुसते "आमच्यात चालते" म्हणून भागत नाही. अशा कागदाने घटस्फोट होत नाही, पण तुमचे नुकसान मात्र होते. "मला सर्व रक्कम पोचली, आता कसलाही हक्क राहिला नाही" हे वाक्य तुमच्या सहीनिशी पुढे प्रत्येक न्यायालयात तुमच्यासमोर धरले जाते. पोटगीचा हक्क असा लिहून सोडून देता येत नाही आणि मुलांचा हक्क तर आईला सोडताच येत नाही, अशी न्यायालयांची भूमिका आहे. तरीही तो कागद निष्प्रभ करण्यात वर्ष-दोन वर्षे जातात.

आता बहिणीने सांगितलेल्या गोष्टीकडे येऊ, कारण तुमच्या सगळ्या अपेक्षा तिच्यावर उभ्या आहेत. बहीण चुकीचे सांगत नाही. ती गोव्याचे सांगते. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतले कुटुंबविषयक नियम मुक्तीनंतरही चालू ठेवले गेले. लग्नापूर्वी वेगळा करार नोंदवला नसेल, तर त्या नियमांनुसार पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि दोघांचा तीत निम्मा-निम्मा वाटा धरला जातो. म्हणूनच तिथे जमीन विकायची झाली तर खरेदीखतावर बायकोची सही लागते. हा कायदा गोंयकारांना लागू आहे. किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंद्याला आलात, की तेरेखोलच्या या तीरावर तो उरत नाही. दोन्ही तीरांवर सोयरिकी एवढ्या आहेत, की सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्ग भागातल्या निम्म्या बायकांना हा गैरसमज असतो, आणि तो असणे स्वाभाविक आहे.

गैरसमजाला आणखी एक कारण आहे. घटस्फोटाच्या वेळी पत्नीला पतीच्या मालमत्तेत वाटा द्यावा, अशी तरतूद असलेले विवाह कायदा दुरुस्ती विधेयक 2010 साली मांडले गेले आणि ऑगस्ट 2013 मध्ये राज्यसभेत संमतही झाले. लोकसभेत ते संमत झाले नाही आणि 2014 साली लोकसभेची मुदत संपताच ते बारगळले. वर्तमानपत्रांतले मथळे मात्र लोकांच्या लक्षात राहिले. माझ्या मते ते विधेयक होणे आवश्यक होते. पंधरा-पंधरा वर्षे बाग राखणाऱ्या, पाहुण्यांना जेवू घालणाऱ्या बाईच्या श्रमाची आपल्या कायद्यात मालमत्ता म्हणून नोंदच होत नाही, हा दोष त्यामुळे थोडा तरी दूर झाला असता. पण सल्ला आजच्या कायद्यावर द्यावा लागतो. आजचा कायदा असा आहे, की महाराष्ट्रातील न्यायालय घटस्फोट देताना नवऱ्याच्या मालमत्तेची वाटणी करत नाही. जे नवऱ्याच्या नावावर आणि त्याच्या पैशाचे, ते त्याचे राहते. जे तुमच्या नावावर किंवा तुमच्या पैशाचे, ते तुमचे. त्यामुळे कोणत्या वस्तूवर कोणाचे नाव आहे, आणि तीत कोणाचा पैसा गेला हे कोणत्या कागदावरून दिसते, हे दोन प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचे. तुम्ही दोघे हिंदू आहात असे पत्रावरून धरून पुढचे लिहीत आहे.

भांडुपचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, ही तुमची सर्वांत भक्कम बाजू. संयुक्त नावावरच्या मालमत्तेत ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात त्याचा हिस्सा धरतात, आणि तसे दाखवणारा पुरावा नसेल तर हिस्से सारखे मानतात. नवरा म्हणेल की हप्ते सगळे माझ्या पगारातून गेले. म्हणून सुरुवातीची रक्कम कशी उभी राहिली, माहेरहून काही आले का, तुमच्या खात्यातून एखादा तरी हप्ता गेला का, हे जुन्या पासबुकांतून काढा. करारनाम्याची प्रत आणि सोसायटीच्या भाग-दाखल्याची प्रत मिळवा. एक धोकाही लक्षात ठेवा. कर्जावर तुमची सही असेल तर बँकेच्या दृष्टीने तुम्हीही कर्जदार आहात, आणि घटस्फोटाने बँकेचे काहीही बदलत नाही. उद्या समझोत्यात फ्लॅट त्याला द्यायचा ठरलाच, तर तुमचे नाव कर्जातून कमी झाल्याचे बँकेचे पत्र हातात आल्याशिवाय हक्कसोडपत्र नोंदवू नका. नाव नसलेल्या घराचे हप्ते मागायला वसुलीवाले माहेरच्या दारात आलेले मी पाहिले आहेत.

बागेची गोष्ट वेगळी आहे. सातबाऱ्यावर नवरा, दीर, सासूबाई अशी सामाईक नावे असतील तर त्यात सून म्हणून तुमचा हिस्सा नाही, आणि घटस्फोटानंतर वारस म्हणूनही राहणार नाही. मुलांचे मात्र तसे नाही. जमीन जर खऱ्या अर्थाने वडिलोपार्जित, म्हणजे एकत्र कुटुंबाची असेल, तर तुमच्या मुलाला आणि हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीलाही तीत जन्मतःच हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात मुलींचा हा हक्क निःसंदिग्ध शब्दांत सांगितला आहे. आई-वडिलांच्या घटस्फोटाने तो जात नाही. पण "वडिलोपार्जित" हा शब्द आपण बोलताना फार सैल वापरतो. सासऱ्यांनी स्वतः विकत घेतलेली जमीन त्यांच्या मृत्यूनंतर नवऱ्याच्या नावावर आली असेल, तर ती त्याची स्वतःची मानली जाते आणि त्याच्या हयातीत मुलांना तीत हक्क सांगता येत नाही. यासाठी आजचा सातबारा पुरेसा नाही. तलाठ्याकडून आणि तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार काढा आणि आजेसासऱ्यांपर्यंत जा. कुळकायद्याने जमीन कोणाच्या नावावर लागली, हेही तिथेच कळेल. नवऱ्याने घाईघाईने भावांच्या नावे हक्कसोड केली तर तीही फेरफाराच्या नोंदीत दिसते. म्हणून दर महिन्या-दोन महिन्यांनी ऑनलाइन सातबारा पाहण्याची सवय ठेवा.

पर्यटकांच्या दोन खोल्या कोणाच्या जमिनीवर आहेत हे तुम्ही लिहिलेले नाही. सामाईक घरठाणावर असतील आणि ग्रामपंचायतीच्या घरपत्रकावर नवऱ्याचे नाव असेल, तर खोल्यांवर मालकी सांगणे कठीण आहे. पण पाटल्यांवर सांगता येते. लग्नात आणि लग्नानंतर तुम्हाला मिळालेले दागिने हे तुमचे स्त्रीधन. नवऱ्याने अडचणीत ते वापरले तरी परत करण्याची जबाबदारी त्याची राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालच्या प्रतिभा राणी खटल्यापासून सांगितले आहे. एप्रिल 2024 मध्ये केरळातील एका पत्नीला तिच्या सोन्यापोटी 25 लाख रुपये देण्याचा आदेश देताना त्याच न्यायालयाने ते पुन्हा बजावले. तेव्हा ज्या सराफाकडे सोने मोडले त्याची पावती शोधा. ती नसेल तर पाटल्या घातलेले लग्नातले फोटो, मोडीचे पैसे खात्यात भरल्याची तारीख आणि त्याच सुमारास चिरे, सिमेंट, पत्र्यांची झालेली खरेदी, यांची सांगड घाला. घरात राहिलेल्या दागिन्यांची यादी वजनासह लिहून काढा. अंदाजाने वजन फुगवू नका. दहा तोळ्यांची यादी उलटतपासात सहा तोळ्यांवर आली, तर खऱ्या सहा तोळ्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

यानंतर पोटगी. मालमत्तेत कायदा तुमच्या बाबतीत कंजूष असला तरी पोटगीत तसा नाही, आणि तुमची खरी लढाई इथेच आहे. दावा चालू असेपर्यंतची अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली मागता येतो. निकालाच्या वेळी किंवा त्यानंतर कायमची पोटगी कलम 25 खाली. घटस्फोटाचा दावा लागण्याची वाट न पाहताही, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125, जे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 झाले आहे, त्याखाली तुम्ही राहता त्या ठिकाणच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे स्वतःसाठी आणि मुलांसाठी अर्ज करता येतो. दोन-तीन कायद्यांखाली अर्ज केले म्हणून तिप्पट पोटगी मिळत नाही. एका ठिकाणी मिळालेली रक्कम दुसऱ्या ठिकाणी सांगावी लागते आणि ती वळती होते.

किती मिळेल, याला कोष्टक नाही. नवऱ्याच्या हातात पडणाऱ्या पगाराच्या 25 टक्के रक्कम रास्त ठरेल असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली एका खटल्यात म्हटले, तेव्हापासून तो आकडा नियमासारखा फिरतो आहे. तो नियम नाही. न्यायालय दोघांचे उत्पन्न, राहणीमान, मुलांचा खर्च, लग्नाची वर्षे, तुमचे वय आणि शिक्षण असे सारे पाहते. तुमच्या 8,000 रुपयांनी तुमचा हक्क बुडत नाही. बायको थोडेफार कमावते किंवा कमावू शकली असती, एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही. पण ते उत्पन्न लपवू नका. कारखान्याच्या मुकादमाला उद्या साक्षीला बोलावले जाऊ शकते.

नोव्हेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणांना शिस्त लावली. आता दोन्ही पक्षांना आपली मिळकत, मालमत्ता, कर्जे आणि खर्च यांचे शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावे लागते, आणि समोरच्याने ते जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यावे अशी अपेक्षा आहे. या निकालाला जोडलेल्या नमुन्यांत शेतीवर उपजीविका असणाऱ्यांसाठी स्वतंत्र नमुना आहे, आणि कोकणात तोच फार क्वचित मागितला जातो. तुमचे यजमान केवळ पगाराचे शपथपत्र देतील, बागेविषयी "भाऊ बघतात" म्हणतील. तुमच्या वकिलांनी दोन्ही नमुन्यांतील माहितीचा आग्रह धरला पाहिजे. शेतीच्या नमुन्यात जमीन किती, त्यात वाटा किती, पीक कोणते, उत्पन्न किती, गुरे आणि कर्ज किती असे थेट प्रश्न आहेत.

मात्र त्याने लिहिलेला आकडा खोटा आहे हे दाखवण्याचे काम तुम्हालाच करावे लागेल, आणि इथे तुम्ही बाग स्वतः पाहिली आहे याचा मोठा उपयोग आहे. सातबाऱ्याच्या पीक पाहणीत आंब्याची नोंद असते. कलमे किती, त्यातली उत्पन्नाला आलेली किती, हे तुम्हाला तोंडपाठ असेल. ते लिहून काढा. वाशीच्या बाजारात पेट्या ज्या दलालाकडे जात, त्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद, कधी ना कधी तुमच्या हातात आल्या असतील. एखाद्या हंगामाच्या जरी चार पट्ट्या, किंवा मोबाइलवर आलेले त्यांचे फोटो सापडले, तरी पेटीचा भाव, हमाली, दलाली वजा जाऊन हातात आलेली रक्कम आणि ज्याच्या नावे पट्टी निघाली ते नाव, सारे एका कागदावर दिसते. बाग एखाद्या वर्षी खंडाने दिली असेल तर खंड कोणी, किती आणि कोणाच्या खात्यात दिला, हे लिहा. खोल्यांच्या बाबतीत पाहुण्यांची नोंदवही, पर्यटकांनी मोबाइलवरून पाठवलेल्या पैशांचे संदेश, पर्यटन खात्याकडे निवास-न्याहारी म्हणून नोंदणी केली असेल तर तिची प्रत, आणि घराचे वीजबिल उपयोगी पडते. मे महिन्यात आणि दिवाळीत तिप्पट होणारे बिल न्यायाधीशांना फार काही समजावून सांगावे लागत नाही. सर्व उत्पन्न नवऱ्याचे नसून भावांचेही आहे हा बचाव येईल, आणि तो अंशतः खराही असेल. म्हणून पूर्ण उत्पन्न त्याच्या नावे दाखवण्यापेक्षा त्याच्या वाट्याचा हिशेब मांडा. अशा अर्जांत वाजवी आकडा मागणाऱ्या बाईचे म्हणणे लवकर पटते, असा माझा अनुभव आहे.

आता ते पाच लाख. ठेवीवर सात टक्के व्याज धरले तर वर्षाला 35,000, म्हणजे महिन्याला 3,000 सुद्धा होत नाहीत. तेही मुद्दल न मोडता. मुलीची बारावी आणि पुढचे शिक्षण, मुलाची आणखी आठ वर्षे, आणि फ्लॅटमधला तुमचा हिस्सा सोडून देणे, हे सगळे त्या रकमेत बसवले आहे. एकरकमी घेणे वाईट नाही. दरमहा वसुलीची कटकट वाचते. पण फ्लॅटचा हिस्सा, स्त्रीधन, तुमची पोटगी आणि मुलांचा खर्च यांचे चार वेगळे आकडे मांडल्याशिवाय कोणत्याही एकत्र रकमेला हो म्हणू नका.

आदेशानंतरही पैसे आले नाहीत तर काय, हे पत्रात विचारलेले नाही तरी सांगून ठेवतो. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची थकबाकी वसूल करण्याचा अर्ज, रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. "देतील, देतील" म्हणत दोन वर्षे थांबलेल्या बायका त्या मार्गाने एक वर्षापूर्वीचे पैसे घालवून बसतात. थकवणाऱ्याला प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. दिवाणी हुकूमनामा असेल तर पगार जप्त करता येतो, आणि इतर देण्यांच्या मानाने पोटगीसाठी पगाराचा बराच मोठा, दोन तृतीयांशांपर्यंत, भाग जप्तीखाली येऊ शकतो. खासगी कंपनीत नोकरी असलेल्या नवऱ्याच्या बाबतीत हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. पोटगी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून देण्याचा दंडकही रजनेश विरुद्ध नेहा याच निकालाने घातला आहे. त्यामुळे अर्ज जितका लांबवाल तितके महिने तुमचेच जातील.

दिरांनी घातलेल्या कुलपाविषयी. घर सासूबाईंच्या किंवा दिरांच्या नावावर असले तरी तुम्ही तिथे सून म्हणून नांदलात, म्हणून कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा 2005 खाली ते तुमचे "सामायिक घर" ठरू शकते. सासऱ्यांच्या मालकीच्या घरालाही हे लागू होऊ शकते असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020 मध्ये सांगितले. तिथे मिळतो तो राहण्याचा हक्क, मालकीचा नव्हे. परत त्या घरात जाणे तुम्हाला नको असेल, आणि पत्रावरून तसे वाटते, तर त्याऐवजी भाड्याच्या घराचा खर्च मागता येतो. महत्त्वाचे असे, की हा हक्क घटस्फोटानंतर मांडणे फार अवघड होते. मागायचे असेल तर आताच मागा. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे वकिलाशिवायही जाता येते, ते घटनेचा अहवाल तयार करून न्यायालयात पाठवतात. मारहाण झालेलीच असली पाहिजे असे नाही. राहत्या घरातून बाहेर ठेवणे आणि खर्च बंद करणे हीदेखील या कायद्याने हिंसाच आहे. मात्र तुम्हाला नातेवाईक "सगळ्यांवर 498 घाला" असे सुचवतील. सासरच्या छळाविषयीचे जुन्या दंड संहितेतले ते कलम 498-अ आता भारतीय न्याय संहितेचे कलम 85 आहे. खरोखर छळ झाला असेल तर तो कोणी, कधी, कसा केला हे नेमके लिहून तक्रार करा. पण सासर ते नणंदेच्या नवऱ्यापर्यंत सर्वांची नावे घातलेली तक्रार न्यायालयात टिकत नाही आणि पोटगीचा भक्कम दावाही तिच्याबरोबर संशयात सापडतो.

वांद्र्याचे भय मात्र बरेच कमी करता येईल. हिंदू विवाह कायद्याच्या 2003 च्या दुरुस्तीपासून पत्नी स्वतः राहते तेथील न्यायालयात दावा लावू शकते. कौटुंबिक न्यायालय नसलेल्या ठिकाणी हे दावे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात, तेव्हा तुमचे काम जिल्ह्यातच होऊ शकते. नवऱ्याने आधी वांद्र्याला घटस्फोटाचा दावा लावला आणि तुम्ही नंतर इथे लावला, तर कायद्याचा कल नंतरचा दावा आधीच्या न्यायालयाकडे पाठवण्याकडे आहे. त्या वेळी उच्च न्यायालयात दावा वर्ग करण्याचा अर्ज करावा लागतो, आणि लहान मुले सांभाळणाऱ्या, उत्पन्न कमी असलेल्या पत्नीच्या सोयीला न्यायालये सहसा वजन देतात. मग तुम्ही आधी धावत जाऊन घटस्फोट मागावा का? मला तसे वाटत नाही. घटस्फोट त्याला हवा आहे. तुम्हाला हवे आहेत ते पैसे, दागिने आणि छप्पर, आणि त्यासाठीचे दोन्ही अर्ज, पोटगीचा आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा, तुमच्याच भागातील न्यायदंडाधिकाऱ्यांकडे चालतात. त्यासाठी वांद्र्याशी काही संबंध नाही. नवऱ्याला तारखांसाठी तुमच्याकडे यावे लागले की तडजोडीचे बोलणे पुष्कळदा शहाणपणाने होते.

खर्चाची धास्ती घेऊ नका. 1994 पासून महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, मालमत्ता आणि छळ यांविषयीच्या दाव्यांत महिलांना न्यायालय शुल्क माफ आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे कोणतीही महिला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागू शकते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. फुकटचा वकील मन लावून काम करत नाही ही समजूत सरसकट खरी नाही. काम पटले नाही तर बदलून मागता येतो. प्रकरण दाखल झाल्यावर त्याचा सीएनआर क्रमांक, म्हणजे न्यायालयाने प्रकरणाला दिलेला नोंदणी क्रमांक, स्वतःजवळ ठेवा. मोबाइलवरील ई-कोर्ट्स सेवेत तो टाकला की पुढची तारीख आणि झालेला आदेश तुम्हालाच दिसतो, दर वेळी वकिलांना फोन करावा लागत नाही.

संमतीचा मार्ग बंद नाही. अटी मनासारख्या ठरल्या तर मी तोच सुचवीन, कारण विरोधी दाव्यात साक्षी-उलटतपासांची वर्षे जातात आणि मुले ती पाहतात. त्यासाठी एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते, ते तुमचे झाले आहे. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबून दुसऱ्यांदा दोघांनी न्यायालयात सांगावे लागते. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार योग्य प्रकरणात हे सहा महिने माफ होऊ शकतात. त्या दुसऱ्या वेळेपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून रकमेचा काही भाग पहिल्या अर्जाच्या वेळी आणि उरलेला दुसऱ्या वेळी, न्यायालयासमोर, डिमांड ड्राफ्टने घ्यायचा. हुकूमनाम्यानंतर देतो म्हटलेले पैसे मागत फिरण्याची पाळी येऊ देऊ नका. मुलांच्या खर्चाची अट वेगळ्या परिच्छेदात घ्या, आणि शाळा-कॉलेजचा मोठा खर्च वाढत्या दराने कसा विभागायचा तेही तिथेच लिहा.

ताब्याचे फार लिहीत नाही, कारण तुमच्या प्रकरणात तो वादाचा मुद्दा होईल असे दिसत नाही. न्यायालय मुलांचे हित पाहते, 15 वर्षांच्या मुलीचे म्हणणे न्यायाधीश स्वतः ऐकून घेतात, आणि मुले आज जिथे स्थिर आहेत तिथून ती सहसा हलवत नाहीत. नवऱ्याला मुलांना भेटण्यापासून अडवू नका; गणपतीत किंवा मे महिन्यात वडिलांकडे पाठवण्याची तयारी तुम्ही स्वतःहून दाखवली तर ती नोंदीवर येते.

राहिली नोटीस. तिला उत्तर दिले नाही म्हणून हक्क जात नाही, पण "कळवूनही उत्तर दिले नाही" हे वाक्य दाव्यात येते, म्हणून मुदतीत उत्तर जाऊ द्या. त्यात तुम्ही घर सोडलेले नसून आईच्या आजारपणासाठी आला होता, परत गेल्यावर कुलूप आढळले, अमुक तारखेला फोन केला, हे स्पष्ट लिहा. दोन वर्षे विनाकारण सोडून राहिल्याचा आरोप पुढे त्याग म्हणून मांडला जातो, आणि त्याला पहिले उत्तर हेच असते. आईच्या दवाखान्याची कागदपत्रे, त्या दिवसांचे संदेश आणि कुलपाचा फोटो असेल तर तो जपून ठेवा. पाच लाखांविषयी होय किंवा नाही, काहीच लिहू नका. एवढेच कळवा, की मालमत्ता, स्त्रीधन आणि पोटगी यांविषयी नवऱ्याने आपल्या उत्पन्नाचा खुलासा दिल्यावर तडजोडीवर बोलू. उत्तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, आणि पोस्टाची पावती घरी कोणी टाकून देणार नाही अशा ठिकाणी ठेवा.